शनिवारची दोन पानं

आमच्या मराठी मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब दर शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास दोन पानांचं मनन पाठवतात. व्हॉट्सॲपवर पीडीएफ, सोबत त्यांच्या आवाजातलं दहा-बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग, आणि ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांच्यासाठी रविवारी चर्चच्या दाराशी छापील प्रती. पैसे घेत नाहीत. तीन वर्षांत मी एकही शनिवार चुकवलेला नाही. बडोद्यात नव्याने आलेली मराठी कुटुंबं विचारत असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची मिरजेची. नर्सिंगच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलीच झाले. आयुष्यभर प्रवचनं ऐकत आले. पुष्कळ ठिकाणी वचनाची एक ओळ वाचतात आणि तिला टेकून भलतंच काहीतरी सांगत सुटतात. आमचे पाळक शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला त्या दिवसाचा उतारा, सोडून हलत नाहीत. स्तोत्र १३० वर लिहिलं तेव्हा त्यांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात, हे शब्द तिथे लागोपाठ दोनदा येतात. का? तर रात्र मोठी आहे म्हणून, असं त्यांनी लिहिलं; वाट पाहणाऱ्याचं एकदा म्हणून भागत नाही. मी वॉर्डात रात्रपाळ्या केल्या आहेत. साडेतीन ते पाच हा वेळ सरता सरत नाही. पेशंट विचारतो, ‘सिस्टर, किती वाजले?’ आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारतो. हे स्तोत्र मला शाळेत असल्यापासून पाठ आहे, पण त्या ‘पुन्हा’कडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. त्या रात्री मी ते तीन वेळा वाचलं.

आणि ऑगस्ट २०२४ चा तो आठवडा. विश्वामित्री नदी शहरात शिरली, आमच्या कारेलीबागेतल्या तळमजल्यात मांडीएवढं पाणी. लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. पाणी उतरल्यावर गाळ राहिला, काळा, चिकट, कपाटाखाली बोटभर साचलेला. शनिवारी मी खराट्याने तो ओढत होते तेव्हा फोन वाजला. लाइट नसल्यामुळे टाइप केलेलं नव्हतं. वहीच्या पानावर हाताने लिहून काढलेला फोटो होता, एकच पान. स्तोत्र ६९. पाणी गळ्याशी आलंय, खोल चिखलात रुतलोय, पाय टेकायला जागा नाही. पाळकसाहेबांनी लिहिलं होतं, आज पहिली तीनच वचनं मोठ्याने वाचा, शेवटच्या स्तुतीकडे धावू नका, ती तिथेच आहे, ती कुठे जात नाही. देव परीक्षा बघतोय वगैरे एक अक्षर नाही. खाली फक्त कोणाच्या घरी पिण्याचं पाणी आहे, कोणाला औषधं हवीत, याची यादी. मी चिखलात उभी राहून मोठ्याने वाचलं. वरच्या मजल्यावरच्या बेन ऐकून खाली आल्या, थेपले आणि लोणचं घेऊन. दुसऱ्या दिवशी बाकं ओली होती, आम्ही उभ्यानेच उपासना केली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना मला ते थेपले आठवले आणि पुढचे शब्द नीट निघेनात.

दुसरं पान उद्याच्या उपासनेचं असतं, आणि ते मला पहिल्याइतकंच आवडतं. गीतांचे क्रमांक, शास्त्रभाग, आणि उपासनेतल्या एखाद्या गोष्टीचा खुलासा. प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी, पापांगीकार (पापांची कबुली) का, अर्पणाच्या वेळी उभं का राहायचं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, कोणीतरी विचारलं होतं की पहिल्या दिवसापासून, भस्म बुधवारपासून, ईस्टरपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात, मग ४० कसे म्हणतो? उत्तर असं की मधले सहा रविवार मोजत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचाच दिवस. साठी उलटली तरी हे मला ठाऊक नव्हतं! नारायण वामन टिळकांवरही एकदा लिहिलं होतं, १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ती भजनाला अभंगाचं वळण कसं दिलं ते. त्या रविवारी पेटी-तबल्यावर सगळे जरा जास्तच खुलून गायले.

तक्रारी आहेत. रेकॉर्डिंग कधी कधी पंचवीस मिनिटांपर्यंत लांबतं आणि मधल्या सूचनांमुळे धागा तुटतो. आगमनकाळातलं, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतलं, एक मनन गेल्या वर्षीचंच होतं. पाळकसाहेबांनाही कामाचे डोंगर असतात हे मी जाणते, पण तसं सांगून पाठवायला हवं होतं. आणि मुलांचा विचार कमी होतो. माझा नातू गुजराती शाळेत शिकतो, घरी मराठी बोलतो, पण बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरचं मनन वाचताना अडला. ‘आज्जी, नीतिमान ठरवणे म्हणजे काय?’ मला धड सांगता येईना. मी पाळकसाहेबांना विचारलं. पुढच्या शनिवारी त्यांनी चार ओळींत समजावलं, हा कोर्टातला शब्द आहे, न्यायाधीश आरोपीला निर्दोष ठरवतो तो निकाल. नातवाला लगेच कळलं. अशा चार ओळी दर आठवड्याला द्याव्यात.

सगळ्यात मोठी अडचण अक्षरांची. छापील प्रतीतला मजकूर फार बारीक असतो. माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मावशी ८१ वर्षांच्या आहेत. शनिवारी साडेसातला मी त्यांना फोन करून दोन्ही पानं वाचून दाखवते, त्या मध्येच ‘थांब, ते परत वाच’ म्हणतात. तीन पानं झाली तरी चालेल, पण अक्षर मोठं करा. त्यांना स्वतः वाचायचं आहे.