चिपळूण ते मडगाव : कोकण रेल्वेचा प्रवास, रुळांकडे पाहत

कोकण रेल्वेच्या प्रवासाबद्दल बहुतेक जण लिहितात ते खिडकीबाहेरच्या हिरवाईबद्दल आणि मांडवी एक्स्प्रेसमधल्या खाण्याबद्दल. चिपळूणहून मडगावपर्यंत दिवसाउजेडी केलेल्या प्रवासात मी मात्र मुख्यतः रुळांचा विचार करत बसलो होतो, आणि या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट तिची आखणीच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गासाठी अभियंत्यांनी दोन अटी घालून घेतल्या : चढ दीडशे मीटरला एक मीटरहून तीव्र नको आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरहून कमी नको. बोरघाटात हाच चढ ३७ मीटरला एक मीटर आहे, म्हणूनच कर्जतला गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडतात. जिथे सह्याद्रीचे फाटे समुद्राकडे उतरत जातात आणि घटकाभरात एखादी नदी किंवा खाडी आडवी येते, तिथे या अटी पाळायच्या म्हणजे ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधणे आलेच. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखालील महामंडळाने १९९० पासून हे काम हाती घेतले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला.

प्रवाशाला ही आखणी अंगाने कळते. समोर ठेवलेली पाण्याची अर्धी बाटली मी बराच वेळ न्याहाळत होतो. गाडी वळणावर आली की बाहेरचे विजेचे खांब तिरके दिसू लागत, पण बाटलीतले पाणी तिच्या तळाशी समांतरच राही. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवलेला असतो, आणि ती उंची गाडीच्या वेगाशी जुळली की असे होते. रूळ वेल्डिंगने अखंड जोडलेले असल्यामुळे सांध्यांवरचा जुना ठेका ऐकू येत नाही. स्टेशनात शिरताना गाडी रूळ बदलते तेवढाच काय तो खडखडाट. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे खडी नाही, रूळ थेट काँक्रीटवर बसवलेले आहेत, कारण अशा अरुंद, कोंदट जागेत खडी पुन्हा पुन्हा ठोकून सारखी करणे फार अवघड असते. चाकांचा आवाजही तिथे निराळा, कडक येतो.

रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा ४२४ मीटर लांबीचा पूल येतो. त्याचा सर्वांत उंच खांब ६४ मीटरचा आहे. इतक्या खोल दरीत खालून परांची उभारण्याऐवजी पुलाचा माथा एका काठावर तुकड्यातुकड्याने ओतून खांबांवरून पुढे ढकलत नेला. गाडी तो क्षणात ओलांडते, त्यामुळे आधीपासून खिडकीशी बसावे. गोव्याच्या हद्दीतला पेडण्याचा बोगदा मात्र दिसायला साधा असूनही मला याहून मोठे काम वाटतो. कातळ फोडता येतो. ओली, ढासळती माती खणता खणताच सावरावी लागते, आणि या मार्गावर सर्वाधिक कस लागला तो अशाच मातीतल्या बोगद्यांत.

उणिवाही सांगायला हव्यात. सरळ मार्गासाठी डोंगरात खोल कटिंग घेतली, त्यांच्या जांभ्याच्या आणि मातीच्या कडा मुसळधार पावसात सुटतात. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडींमुळे भीषण अपघात झाले. त्यानंतर उतार कमी करणे, जाळ्या बसवणे, गस्त वाढवणे ही कामे नेटाने झाली, आणि पावसाळ्यात वेग कमी ठेवला जातो तो योग्यच आहे. दुसरी उणीव अधिक खटकते : रोहा ते वीर एवढा टप्पा सोडला, तर मार्ग अजून एकेरी आहे. ताशी १६० किलोमीटरच्या हिशेबाने आखलेल्या रुळांवर समोरच्या गाडीसाठी थांबून राहावे लागणे हा त्या आखणीवरच अन्याय आहे.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी वेगळे वेळापत्रक पाहूनच आरक्षण करावे. रुळांची खरी मजा अनुभवायची असेल, तर पावसाळी वेळापत्रक संपल्यानंतरची दिवसाची गाडी घ्यावी.