गुणगुणणारा वादक आणि तीन सीडींचा एक संच

‘अ स्टेट ऑफ वंडर’ या तीन सीडींच्या संचात जर्मन संगीतकार बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही एकच रचना ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने दोनदा वाजवलेली आहे : पहिल्यांदा १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि दुसऱ्यांदा १९८१ मध्ये. ‘आरिया’ ही मूळ धून, तिच्यावर बेतलेली तीस रूपे म्हणजे व्हेरिएशन्स, आणि शेवटी पुन्हा तोच आरिया, अशी ही रचना आहे. तिसऱ्या सीडीवर समीक्षक टिम पेज यांच्याशी गूल्डने केलेला संवाद आणि १९५५ च्या ध्वनिमुद्रणात वगळलेले काही तुकडे आहेत. सोनीने हा संच २००२ मध्ये काढला. मी तो तिसऱ्या सीडीपासून ऐकायला सुरुवात केली आणि ती माझी चूक होती, असे आता मला वाटते.

गूल्ड वाजवताना गुणगुणतो. हे गुणगुणणे दोन्ही ध्वनिमुद्रणांत ऐकू येते आणि ते पुरते काढून टाकणे कोणत्याही तंत्रज्ञाला साधलेले नाही. वडिलांनी बुटकी करून दिलेल्या, जमिनीपासून जेमतेम चौदा इंच उंचीच्या घडीच्या खुर्चीवर तो जन्मभर बसला. १९५५ च्या जून महिन्यात तो कोट, मफलर आणि हातमोजे घालून स्टुडिओत आला आणि वाजवण्यापूर्वी गरम पाण्यात हात बुडवून बसत असे, हा तपशील कोलंबिया या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीने त्या वेळी स्वतःच प्रसिद्ध केला होता. म्हणजे संगीताबरोबर हा माणूसही पहिल्या दिवसापासूनच विकला जात होता. एखादा अनोळखी वादक असा गुणगुणला असता, तर ध्वनिमुद्रण सदोष आहे म्हणून मी ती सीडी बाजूला ठेवली असती. गूल्डच्या बाबतीत मात्र तोच आवाज मला तल्लीनतेचा पुरावा वाटू लागला. कानाला विचारले तर उत्तर निराळे मिळते. १९५५ च्या वेगवान भागांत हा आवाज स्वरांच्या गर्दीत बुडून जातो, पण १९८१ च्या संथ आरियामध्ये तो खटकतो. त्याला केवळ प्रेमापोटी माफी मिळते.

दुसऱ्या ध्वनिमुद्रणाला आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे. ते सप्टेंबर १९८२ मध्ये बाजारात आले, त्याच महिन्याच्या अखेरीस गूल्डला पक्षाघाताचा झटका आला आणि ४ ऑक्टोबरला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो गेला. तेव्हापासून ते निरोपाचे वादन म्हणून ऐकले जाते. पहिले सुमारे ३८ मिनिटांचे आणि दुसरे सुमारे ५१ मिनिटांचे, हा फरक म्हणजे वयाबरोबर आलेली प्रगल्भता, असे मीही बराच काळ मानत होतो. प्रत्यक्षात त्या जादा मिनिटांतली काही मिनिटे निव्वळ पुनरावृत्तीची आहेत, कारण प्रत्येक व्हेरिएशनचे दोन्ही भाग पुन्हा वाजवायचे असतात, आणि १९५५ मध्ये गाळलेल्या त्यांतल्या पूर्वार्धांच्या पुनरावृत्ती त्याने १९८१ मध्ये अनेक ठिकाणी घेतल्या. ज्या पंचविसाव्या व्हेरिएशनला सगळे शोकगंभीर म्हणतात, ते तर त्याने तरुणपणापेक्षा थोडे जलदच वाजवले आहे. हे ठाऊक असूनही शेवटचा आरिया ऐकताना माझ्या मनात मृत्यूची सावली येतेच, जरी तो वाजवताना त्याच्या बोटांना त्याची कल्पना असणे शक्य नव्हते.

तिसऱ्या सीडीवरचा संवाद मिश्कील आणि चटकदार आहे. तो सहज रंगलेल्या गप्पांसारखा वाटतो, पण त्याची संहिता बव्हंशी गूल्डने आधीच लिहून ठेवली होती. आपण ज्याला त्याचे व्यक्तिमत्त्व समजतो, तेही त्याने संपादित केलेले एक वादनच आहे म्हणायचे. या संवादात तो आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रणाला नावे ठेवतो. त्यात पियानोवादनाचे प्रदर्शनच फार झाले, असा त्याचा सूर आहे. तो ऐकल्यानंतर कित्येक महिने मला १९५५ चे वादन उथळ वाटत राहिले, आणि हे मत माझे नसून त्याचे आहे, हे मला उशिरा उमगले. पुन्हा कान देऊन ऐकले, तेव्हा मिनिटभरही न टिकणाऱ्या पाचव्या व्हेरिएशनमध्ये दोन हात एकमेकांना ओलांडत धावतात त्यातला निखळ आनंद हाती लागला. स्वतः वादकाने तो नाकारला म्हणून मी तो का सोडावा?

अर्थात वादकाच्या व्यक्तिमत्त्वाची सावली त्याच्या संगीतावर पडते, हा प्रश्न येथे विक्षिप्तपणापुरताच आहे. ज्या कलाकारांनी माणसांना इजा केली, त्यांचे संगीत ऐकताना मनात जे होते, त्याच्याशी खुर्ची-मफलरच्या गमतीची तुलना करता येणार नाही.

ध्वनीच्या दृष्टीने संच उत्तम आहे. १९८१ चे वादन मुळात सुरुवातीच्या काळातल्या डिजिटल यंत्रणेवर प्रसिद्ध झाले होते. येथे त्याच वेळी समांतर चालवलेल्या अ‍ॅनालॉग फितींवरून ते नव्याने तयार केले आहे आणि पियानोचा नाद अधिक गोल, उबदार झाला आहे. संच जरूर घ्यावा, मात्र १९५५ आणि १९८१ ची वादने काही आठवडे आपल्या पद्धतीने ऐकून झाल्यावरच तिसरी सीडी लावावी, आणि सोबतची पुस्तिका तोपर्यंत उघडू नये.