किलपेकचं चर्च: आधी बाहेरून बघा, आत नंतर जा

इंग्लंडमध्ये हेरफर्डशायरला, वेल्सच्या हद्दीजवळ किलपेक म्हणून एक छोटं गाव आहे, तिथल्या सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड चर्चबद्दल लिहितेय. पहिल्यांदा टूरबरोबर गेले होते, त्यांनी जेमतेम वीस मिनिटं दिली आणि चर्च म्हटल्यावर आम्ही सगळे सरळ आत शिरलो, बाहेरचं बघायचंच राहिलं. फार हळहळ वाटली, म्हणून यावेळी स्वतः गाडी घेऊन गेलो आणि अख्खी दुपार तिथेच काढली.

लांबून काहीच वाटत नाही हो, लालसर दगडाची बसकी इमारत, मनोरा पण नाही. ११४० च्या आसपासचं बांधकाम. पण जवळ जाऊन छपराखालची ओळ बघा, भिंतीतून बाहेर आलेले छोटे छोटे कोरीव दगड आहेत, त्यांना कॉर्बेल म्हणतात, ८० हून जास्त शिल्लक आहेत आणि प्रत्येक वेगळा! एका दगडावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेत, इतके गोड की लहान मुलांच्या पुस्तकातले वाटतात. कुठे राक्षसी तोंडं, कुठे मेंढा, आणि एक ती प्रसिद्ध शीला-ना-गिग, दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी बाई, चर्चच्या भिंतीवर! तिचा अर्थ काय यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या बाहेरच्या भिंती ज्यांनी निरखून बघितल्यात त्यांना इथे अजिबात परकं वाटणार नाही.

दक्षिणेचा दरवाजा तर निवांत बसून बघायची गोष्ट आहे. वरच्या अर्धगोलात वेल, कमानीवर ड्रॅगन आणि पक्षी, बाजूच्या खांबावर वेलीत गुरफटलेले दोन योद्धे, त्यांच्या चोळणा टाइप पॅन्टच्या चुण्यासुद्धा दिसतात. जवळपास ९०० वर्षं ऊनपाऊस खाऊन!

ही कारागिरी हेरफर्डशायर स्कूल म्हणून ओळखली जाते (स्कूल म्हणजे शाळा नव्हे, कोरीवकामाची शैली), कारागिरांची नावं मात्र कुणालाच ठाऊक नाहीत. त्याच शैलीचं, हेरफर्डशायरमधल्याच शॉबडन गावचं चर्च अठराव्या शतकात पाडलं आणि त्याच्या कोरीव कमानी टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या, त्या उघड्यावर पार झिजून गेल्यात. ते बघून इथे आलं की काय वाचलंय ते कळतं आणि खरंच भरून येतं.

आत छोटंसंच आहे. मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना संत एकावर एक उभे केलेत, हातात किल्ली असलेला तो पीटर, आणि शेवटी अल्टरच्या, म्हणजे मुख्य वेदीच्या, अर्धगोल भागावर दगडी फासळ्यांचं छत. १८४८ च्या सुमारास कॉटिंगहॅम नावाच्या आर्किटेक्टने दुरुस्ती केली होती. पश्चिमेला किल्ल्याची टेकडी आहे, वर भिंतीचे तुकडे उरलेत, पाच मिनिटांत चढून होते.

दुर्बीण नक्की न्या, नाहीतर कॉर्बेल बघताना मान मोडते. तिकीट नाही, दानपेटी आहे, त्यात हात सैल सोडून टाका कारण असे दगड सांभाळायचे म्हणजे खर्च असतो. अजूनही गावाचं चालू पॅरिश चर्च आहे, तेव्हा प्रार्थना सुरू असली तर बाहेर थांबा, तोवर कॉर्बेल आहेतच.