गोणीवर ‘कॅल्शियम ३२ टक्के’ असेल तर थांबा

गोठ्यापर्यंत टेम्पो येतो, जनावरांच्या खाद्यात घालायचं खनिज मिश्रण निम्म्या दरात मिळतं आणि गोणीवर ठळक छापलेलं असतं, ‘कॅल्शियम ३२ टक्के’. दूधवाले नेमके या आकड्याला भुलतात. आकडा बहुधा खराच असतो, म्हणून तर पचून जातो.

चुनखडीच्या भुकटीत सुमारे ४० टक्के कॅल्शियम असतं, फॉस्फरस जवळजवळ नाहीच. फॉस्फरस येतो डायकॅल्शियम फॉस्फेटमधून, म्हणजे डीसीपीतून. तिच्यात तो १८ टक्के, कॅल्शियम साधारण २३. पण डीसीपी महाग. आयएस १६६४ या भारतीय मानकानुसार बिनमिठाच्या मिश्रणात कॅल्शियम किमान २० आणि फॉस्फरस किमान १२ टक्के हवा. आता हिशेब मांडा. किलोभर मिश्रणात १२ टक्के फॉस्फरस यायला ६६७ ग्रॅम डीसीपी लागते, तिचं कॅल्शियम १५३ ग्रॅम. उरलेली सगळी जागा चुनखडीने भरली तरी बेरीज २९ टक्क्यांच्या आतच राहते. मग ३२ आले कुठून? फॉस्फरस मारून.

पुढे काही महिन्यांनी गाय उलटायला लागते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, दावं चघळते, भिंती चाटते. विक्रेता सांगतो, मात्रा वाढवा. हे अजिबात ऐकू नका. गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यात जादा कॅल्शियम गेलं तर व्यायल्यावर दुग्धज्वराचा, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून गाय आडवी पडण्याचा धोका वाढतो.

आयोडीनची चोरी तर दिसतही नाही. प्रमाण ०.०२६ टक्के, म्हणजे टनाला २६० ग्रॅम. त्यासाठी जेमतेम ४०० ग्रॅम कॅल्शियम आयोडेट लागतं. तेही गाळतात, किंवा पोटॅशियम आयोडाइड घालतात. ते मिश्रणातलं मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि ओलाव्याच्या संगतीत टिकत नाही, आयोडीन उडून जातं. परिणाम वासरांवर दिसतो: अशक्त, केस नसलेली, गळ्याला सूज.

काही जण फॉस्फरसचा आकडा जुळवायला कच्चं रॉक फॉस्फेट, म्हणजे शुद्ध न केलेली फॉस्फेट खडकाची भुकटी वापरतात. त्यातल्या फ्लोरीनने दात डागाळतात, जनावर लंगडतं. फ्लोरीनची मर्यादा ०.०७ टक्के आहे.

चमचाभर मिश्रणावर व्हिनेगर टाका. थोडा फेस चालतो, पण जोरात फसफसलं तर चुनखडी भरपूर आहे. रॉक फॉस्फेट मात्र यात पकडलं जाईलच असं नाही. आयएसआय चिन्हासोबतचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. संशय असेल तर गोणीच्या वरून, मधून, तळातून मिळून अर्धा किलो नमुना हवाबंद पिशवीत प्रयोगशाळेला द्या आणि फॉस्फरस, आयोडीन, फ्लोरीन, आम्लात न विरघळणारी राख (म्हणजे वाळू-माती) हे चार आकडे मागा. अहवाल येईपर्यंत लेबलासकट गोणी आणि बिल जपून ठेवा.