मुंबईत घरचं इंटरनेट: फायबर, एअरफायबर की गल्लीतला केबलवाला?

नवं कनेक्शन घेताना पहिला प्रश्न असतो, 'स्पीड किती?' त्याआधी विचारा, महिन्याला डेटा किती आणि तो संपल्यावर काय उरतं?

जिओ आणि एअरटेलच्या फायबरवर 'अनलिमिटेड' म्हणजे महिन्याला साधारण ३,३०० जीबी. एअरफायबरला, म्हणजे गच्चीवर किंवा खिडकीबाहेर लावतात त्या फाइव्ह-जी डब्याला, साधारण १,००० जीबी. फोर-के व्हिडिओ तासाला ७ जीबीच्या आसपास खातो. म्हणजे एअरफायबरवर रोज पावणेपाच तास फोर-के पाहिलं की महिन्याचा कोटा संपला. एका टीव्हीच्या घराला तेवढं पुरतं. दोन टीव्ही, वर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जात असेल, तर मुळीच पुरणार नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या गिगाबिट, म्हणजे १,००० एमबीपीएसच्या, स्पीडचं इथे फार कौतुक होतं. पण तिथल्या कॉमकास्ट या केबल कंपनीने कित्येक वर्षं बऱ्याच राज्यांत महिन्याला १.२ टीबीची, म्हणजे १,२०० जीबीची मर्यादा ठेवली होती. त्यापुढे दर ५० जीबीला १० डॉलर. २०२५मध्ये नव्या प्लॅनमधून ती काढली. तिथे मर्यादा ओलांडली की बिल वाढायचं, इथे स्पीड पडतो. खिशाला आपली पद्धत बरी, पण घरून काम करणाऱ्याचे महिनाअखेरीस हाल होतात. अपलोडमध्ये मात्र आपण सरस आहोत. केबलवरच्या त्या गिगाबिटला अपलोड बराच काळ ३५ एमबीपीएसच्या आसपास होता. आपल्याकडे १०० च्या फायबरला बहुतेक वेळा अपलोडही १००. ऑस्ट्रेलियात २०१३नंतर सरकारी नेटवर्कचा शेवटचा टप्पा अनेक भागांत जुन्या तांब्याच्या तारेवरच ठेवला गेला, त्यामुळे कोणत्या घराला किती स्पीड मिळणार हे पत्त्यावर ठरू लागलं.

न्यूयॉर्कच्या क्लायंटशी बोलताना आवाज उशिरा पोचतो म्हणून ३०० एमबीपीएस किंवा १ जीबीपीएसचा प्लॅन घेऊ नका. फायबरच्या काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि न्यूयॉर्क इथून साडेबारा हजार किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद लागणारच. पैसे कितीही मोजा.

स्वतःची खोली असेल आणि इमारतीच्या डक्टमधून फायबर वर आलेली असेल, तर १०० एमबीपीएसचं फायबर डोळे मिटून घ्या. अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल, सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर एअरफायबर. मात्र डबा कुठे लागणार ते आधी पाहा, समोर उंच इमारत उभी राहिली की सिग्नल जातो. केबलवाल्याचा माणूस हाक मारली की येतो, हे मोठं सुख. पण त्याची तार गच्चीवरून गच्चीवर लोंबत आलेली असेल, तर जुलैतल्या पावसात ती किती वेळा तुटली हे शेजाऱ्यांना विचारूनच पैसे द्या, आणि तेही एका महिन्याचेच.