इम्पोर्टेड म्हणून माझंच जुनं फ्लायव्हील घासून मला विकलं. गाडीवाल्यांनो, सावध राहा

‘स्पोर्ट्स गाडीचं वजन उतरवून देतो, फिरणारे पार्ट हलके करून देतो, गाडी उडेल’ असं सांगून पैसे काढणारे लोक सध्या कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी पट्ट्यात आहेत. त्यातल्या एकाने माझ्या गाडीत जे फ्लायव्हील (इंजिनच्या क्रँक या मुख्य दांड्याच्या टोकाला बसणारी जड तबकडी, क्लच हिच्यावरच दाबला जातो) बसवलं ते नुसतं नकली नव्हतं, जिवावर बेतणारं होतं. म्हणून बारीकसारीक तपशिलासह लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण त्याची पद्धत कळली की अशी माणसं तुम्हाला आपोआप ओळखता येतील.

माझी गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या बॉडीची. इंजिन रेनॉचं, 1149 सीसी, ताकद साठेक हॉर्सपॉवर. या इंजिनातून आणखी ताकद काढायला गेलं तर खर्च फार आणि हाती येणार थोडंच. त्यापेक्षा वजन उतरवणं शहाणपणाचं. लोटसच्या कॉलिन चॅपमननी आयुष्यभर हेच केलं, आणि 1996 साली आलेली त्या कंपनीची एलिस जेमतेम 725 किलोची होती.

त्यातही फिरणाऱ्या वजनाचं गणित वेगळं असतं, आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात, म्हणून ते आधी सांगतो. डिकीतून एक किलो काढला तर एक किलोच कमी होतो. तोच किलो टायरच्या कडेवरून काढला तर वेग घेताना जवळपास दोन किलो काढल्यासारखा फरक पडतो, कारण ते वजन पुढेही न्यावं लागतं आणि गरागरा फिरवावंही लागतं. फ्लायव्हीलचं तर आणखी पुढचं. पहिल्या गिअरमध्ये छोट्या गाडीचं इंजिन चाकापेक्षा साधारण तेरा-चौदा पट जोरात फिरतं, आणि फ्लायव्हीलचा भार त्या आकड्याच्या वर्गाने जाणवतो. त्यामुळे फ्लायव्हील थोडं हलकं झालं तरी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी एकदम तरतरीत वाटते. पाचव्या गिअरमध्ये तेच प्रमाण तीन-साडेतीनवर येतं आणि फायदा जवळजवळ संपतो. ताकद तर एका घोड्यानेही वाढत नाही. म्हणजे ‘फ्लायव्हील बदला, टॉप स्पीड पंधरा-वीसने वाढेल’ असं कुणी म्हणालं की तिथंच ओळखायचं, या माणसाला एक तर काही कळत नाही, नाही तर तो खोटं बोलतोय.

मला भेटलेला माणूस टॉप स्पीडच्या गप्पा मारत नव्हता. तो बरोबर बोलत होता, आणि तेच जास्त धोकादायक. क्रोमोली स्टीलचं (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत पोलाद), एका अखंड तुकड्यातून कापलेलं, बाहेरून मागवलेलं फ्लायव्हील, वजन 3.6 किलो, किंमत फिटिंगसह 42,000 रुपये. मूळ फ्लायव्हील सहा किलोच्या वर होतं, म्हणजे फरक मोठा. चकचकीत खोका दाखवला, काट्यावर ठेवलेल्या पार्टचा फोटो दाखवला. अटी तीन होत्या. फिटिंग त्याच्याच वर्कशॉपमध्ये. जुनं फ्लायव्हील एक्स्चेंजमध्ये जमा, परत मिळणार नाही. आणि बाहेर कुणी गिअरबॉक्स उतरवला तर वॉरंटी संपली. “साहेब, बॅलन्सिंग करून सील मारून येतंय, दुसऱ्यानं हात लावला की आमची जबाबदारी नाही,” असं त्याचं म्हणणं. ऐकायला रास्त वाटतं. या तिन्ही अटी कशासाठी होत्या ते नंतर कळलं.

गाडी घेऊन निघालो तेव्हा शहरात खरंच फरक जाणवत होता. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की इंजिन चटकन वर जायचं. पण पन्हाळ्याच्या चढाला लागलो आणि क्लच सोडताना सगळी गाडी थरथरायला लागली. तीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) पुढे पेडलमध्ये मुंग्या आल्यासारखी कंपनं. दुकानदाराला फोन केला, तर “नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतोय, हजारभर किलोमीटर चालवा.” लक्षात ठेवा, फ्लायव्हील ‘सेट’ होत नसतं. नवी क्लच प्लेट थोडी बसते, हे खरं, पण कंपनं ही बॅलन्सची गोष्ट आहे आणि ती चालवून कधीच बरी होत नाहीत. उलट क्रँकच्या बेअरिंगवर येतात.

गाडी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो, माझ्या नेहमीच्या मिस्त्रींकडे. त्यांना सगळे मामा म्हणतात. वॉरंटीचं सांगितलं तर म्हणाले, “वॉरंटी कागदावर हाय का? न्हाई ना? मग काढतो.” गिअरबॉक्स उतरला, प्रेशर प्लेट निघाली, फ्लायव्हील बाकावर आलं. काट्यावर ठेवलं, 4.7 किलो. सांगितलेल्यापेक्षा एक किलोहून जास्त.

मामांनी ते उलटं केलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग क्रँकला बसणाऱ्या मधल्या भागात एका बोल्टच्या भोकाशेजारी बोट ठेवलं. तिथे सेंटर पंचचे दोन ठिपके होते, एकमेकांना अगदी खेटून, एक खोल आणि एक जरा उथळ. काळ्या रंगाखाली दबले होते, पण बोटाला लागत होते. “हे मी मारल्यात,” मामा म्हणाले. मागे क्लचचं काम करताना फ्लायव्हील पुन्हा त्याच जागी बसावं म्हणून त्यांनीच ती खूण केली होती. म्हणजे एक्स्चेंजमध्ये ‘जमा’ झालेलं माझं जुनं फ्लायव्हील लेथवर घासून, काळा रंग मारून, 42,000 रुपयांना मलाच विकलं होतं.

तरी मामांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि पुढे त्यांनी जे केलं ते प्रत्येकाने पाहून ठेवावं. फ्लायव्हीलच्या कडेला स्टार्टरसाठी दात असलेली रिंग असते, ती पोलादाची असते आणि तापवून वेगळी चढवलेली असते. मामांनी ग्राइंडर आधी त्या रिंगला हलकेच टेकवला. पिवळसर पांढऱ्या, लांबच लांब ठिणग्या, टोकाला फुटणाऱ्या. मग तोच ग्राइंडर फ्लायव्हीलच्या अंगाला टेकवला. ठिणग्या आखूड, मंद, लालसर, दगडाजवळच विझणाऱ्या. एकाच वस्तूवर दोन धातू शेजारी शेजारी दिसत होते. वर खात्रीसाठी कोपऱ्यात लहान ड्रिल मारून बघितलं. पोलादाचा कीस वेटोळं घेत निघतो. इथे काळी भुकटी निघाली आणि बोटाला ग्रॅफाइट लागलं. आपल्या घरातला बिडाचा तवा ज्या जातीचा, त्याच जातीचं हे ओतीव बीड.

बिडाचं फ्लायव्हील वाईट नसतं, हे मुद्दाम सांगतो. असंख्य गाड्यांना कंपनीतूनच तेच येतं आणि आयुष्यभर टिकतं, कारण जाडी कुठे किती ठेवायची याचा हिशेब करूनच ते बनवलेलं असतं. काही जाणकार टर्नर बाहेरच्या कडेवरचं थोडं वजन काढून आणि नंतर नीट बॅलन्स करून हलकं करतातही. माझ्या बाबतीत काढलं होतं ते नको तिथून. कडेचं वजन काढायला मेहनत लागते, रिंग सांभाळावी लागते. म्हणून यांनी क्लच प्लेट घासते त्या तोंडाच्या पाठीमागचा आणि मध्याजवळचा भाग पातळ केला होता. एका जागी तर टूलने खाच पडली होती. क्लच घसरला की ते तोंड तापतं. धातू पातळ असेल तर ते पटकन आणि जास्त तापतं, बारीक भेगा पडतात, आणि बीड ताणाला कच्चं. पोलाद वाकायचा तरी प्रयत्न करतं, बीड सरळ फुटतं.

आता वेगाचा विचार करा. साधारण 26 सेंटीमीटर व्यासाचं फ्लायव्हील 6000 आरपीएमवर असताना त्याच्या कडेचा वेग तासाला सुमारे 290 किलोमीटर असतो. आरपीएम दुप्पट झाला की ताण चौपट होतो. अशा वेळी ते फुटलं तर तुकडे बेल हाऊसिंग (फ्लायव्हील आणि क्लचवरचं धातूचं कवच) फोडून बाहेर येतात, आणि बेल हाऊसिंगपासून आपले पाय काही फार लांब नसतात. म्हणूनच रेसिंगच्या फ्लायव्हीलला एसएफआय 1.1 (रेसिंगच्या पार्टचं अमेरिकन सुरक्षा मानक) सारखं प्रमाणपत्र मागतात. गगनबावड्याच्या रस्त्यावर, शेजारी घरचं माणूस बसलेलं असताना, हे माझ्या पायाशी फिरत होतं. पैसे गेले त्याचा राग वेगळा. हा राग वेगळा आहे.

त्याच माणसाने मला ‘फोर्ज्ड’ रिमही देऊ केले होते, एका चाकाचं वजन 5.8 किलो म्हणून. ते मी घेतले नाहीत, कारण टायरवाल्याच्या काट्यावर एक रिम 7.9 भरला. आऱ्यांच्या मागच्या बाजूला ओतकामाचा खडबडीतपणा तसाच होता आणि जेडब्ल्यूएलचा (हलक्या धातूच्या चाकांचं जपानी मानक) शिक्का ओतलेला नव्हे, नंतर ठोकलेला होता. हा शिक्का मुळात बनवणारा स्वतःच मारतो. त्याच्या जोडीला व्हीआयए (जपानमधली तपासणी संस्था) असेल तर नोंदणी झालेली असते. आणि रिमवर किती किलोचा भार चालतो ते लिहिलेलं असायला हवं. ते नसेल तर हात लावू नका.

पैसे परत मागितले तेव्हा आधी त्याने फोन उचलणं बंद केलं. मग प्रत्यक्ष गेलो तर भाषा बदलली. “तक्रार करा की. गाडीत बदल करून घेतलाय तुम्ही, आरटीओ तुमचीच गाडी उचलंल.” ही धमकी अनेकांना गप्प बसवते, म्हणून नीट समजून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, हे खरं. तो विषय गाडीमालक आणि आरटीओ यांच्यातला आहे. पण त्यामुळे जुना माल नवा म्हणून विकणाऱ्याला माफी मिळत नाही. माझी गाडी मी आता मूळ कंपनीच्या मापाच्या, न घासलेल्या फ्लायव्हीलवर आणली आहे.

तक्रार उभी राहिली ती अहवालावर. कोल्हापूर फौंड्रीचं गाव आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या सगळ्या पट्ट्यात धातू तपासणाऱ्या लॅब आहेत. मामांच्या ड्रिलमधला कीस आणि एक छोटा तुकडा दिला. कार्बन 3.3 टक्के, सिलिकॉन 2 टक्क्यांच्या आसपास, मॉलिब्डेनम नावालाही नाही. गाड्यांच्या पार्टला सहसा वापरतात त्या क्रोमोली स्टीलमध्ये कार्बन साधारण 0.4 टक्के आणि क्रोमियम 1 टक्क्याच्या जवळपास असतो. सूक्ष्मदर्शकाखालच्या फोटोत ग्रॅफाइटच्या पाकळ्या स्पष्ट दिसतात. यावर वाद घालायला जागाच राहत नाही. खर्चही फार आला नाही.

अडचण झाली ती बिलाची. त्याने दिलेला कागद ‘एस्टिमेट’ होता, जीएसटी नंबर नाही, पार्टचा नंबर नाही. पैसे यूपीआयवर एका खासगी खात्यात गेले होते. तरी व्हॉट्सॲपवर ‘क्रोमोली’, ‘3.6 किलो’ असं त्यानेच लिहिलेलं होतं, तेच कामाला आलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर नोंद केली तर लेखी माग राहतो.

नवा पार्ट घेणार असाल तर गाडी आत जाण्याआधी तो पार्ट आणि तुमचा जुना पार्ट, दोन्ही तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला लावा आणि फोटो काढा. जुन्या पार्टवर स्वतःची खूण करा आणि तो परत घ्या, हवं तर त्याचे वेगळे पैसे द्या. एक्स्चेंज सक्तीचं असेल तर तिथून निघा. पार्टचं नाव, धातू आणि वजन बिलावर लिहून घ्या. दुकानदार ग्राइंडरची ठिणगी बघू देत नसेल तरी निघा. कडेच्या न दिसणाऱ्या जागी एक टिकली घासल्याने खऱ्या पोलादाचं काही बिघडत नाही.

आणि ज्यांनी अशा कुणाकडून आधीच फ्लायव्हील बसवून घेतलंय, क्लच सोडताना गाडी थरथरतेय, पेडलमध्ये कंपनं येताहेत, त्यांनी आजपासून इंजिन वर ओढू नका. घाटात नेऊ नका. ओळखीच्या मिस्त्रीकडून गिअरबॉक्स उतरवून घ्या, आणि काढलेला पार्ट कुणाच्याही हातात परत देऊ नका. तोच तुमचा पुरावा आहे.