कडब्यासाठी एन्झाइमची पूड: दोन महिन्यांचा अनुभव
सोलापूरच्या बाजारातून आणलेली ही पूड ट्रायकोडर्मा बुरशीपासून मिळवलेल्या सेल्युलेज व झायलनेज या, चाऱ्यातील तंतू फोडणाऱ्या एन्झाइमांची असून, मालदांडी ज्वारीच्या कडब्याची कुट्टी ओलसर करून त्यावर ती चोळली आणि रात्रभर मुरू दिली, तेव्हा गाई पूर्वी गव्हाणीत मागे ठेवत असलेली जाड धाटेही संपवू लागल्या. दुधातील वाढ मात्र किरकोळच आहे. ही एन्झाइमे साधारण ५० अंश सेल्सिअस तापमानात आणि आम्लधर्मी माध्यमात सर्वाधिक काम करतात, तर गाईच्या कोठीपोटात (जठराच्या पहिल्या कप्प्यात) तापमान ३९ अंशांच्या आसपास असते. शिवाय धाटाला कडकपणा देणारे लिग्निन त्यांना फोडता येत नाही, त्यामुळे पाकिटावरील ‘दूध दुप्पट’ हा दावा मला दिशाभूल करणारा वाटतो. हिरवा चारा भरपूर असताना हा खर्च मी करणार नाही. उन्हाळ्यात केवळ कडब्यावर गोठा सांभाळताना अवश्य करीन.